अठ्ठावन्न भरतायत: पेन्शन लगेच चालू करू की साठीपर्यंत थांबू?

शिरवळचा_टर्नर

नमस्कार मंडळी. कंपनीच्या नोंदीप्रमाणे येत्या ३१ मेला माझी अठ्ठावन्न वर्षं भरतात. जन्मतारीख अर्थातच १ जून, प्राथमिक शाळेतल्या गुरुजींची कृपा. ऑगस्ट २००२ पासून याच कंपनीत आहे. आधी लेथवर होतो, आता शॉपमध्ये सुपरवायझर. पीएफ पहिल्यापासून कापलाय, मधे खंड नाही.

कंपनी म्हणते, कायम नोकरी अठ्ठावन्नला संपली तरी साठीपर्यंत कंत्राटावर राहा. पगार थोडा कमी, पण पीएफ कापणार. काम अंगवळणी पडलंय, गुडघे अजून साथ देतात आणि धाकटीचं इंजिनियरिंगचं एक वर्ष बाकी आहे, त्यामुळे मी राहणार. तो प्रश्न नाही.

प्रश्न ईपीएसच्या, म्हणजे पीएफबरोबर असते त्या कर्मचारी पेन्शन योजनेच्या पेन्शनचा आहे. आमच्या एचआरमधला मुलगा सांगतो, "काका, पेन्शनचा १०-डी अर्ज भरायची घाई करू नका. साठीपर्यंत थांबलात तर वर्षाला चार टक्के, म्हणजे आठ टक्के जास्त मिळतील, तेही आयुष्यभर." युट्यूबवरही सगळे थांबा म्हणतात. मेहुणा म्हणतो, हातात येतंय ते घे, सरकारचं काय सांगता येतं. बायको म्हणते, पासबुकात दर महिन्याला काहीतरी आलं पाहिजे.

तिघांचं ऐकून डोकं फिरलंय. कोणी नीट हिशोब करून सांगेल का?

लालपरी_५८

घ्या हो घ्या. मी एसटीत ड्रायव्हर होतो. आमचंही हेच ईपीएस-९५. २०१६ ला निवृत्त झालो तेव्हा जो आकडा बसला तोच आज आहे. एक रुपया वाढलेला नाही. तीन हजारांच्या आतली पेन्शन. त्यात तेव्हा महिन्याचा किराणा यायचा, आज गॅस आणि औषधं. थांबून आठ टक्के वाढवलात तरी ती वाढ महागाई दोन वर्षांत खाऊन टाकते.

ताळेबंद

भावनेवर जाऊ नका, सूत्र सरळ आहे: पेन्शनपात्र पगार गुणिले सेवा भागिले सत्तर. पगाराची कमाल मर्यादा १५,०००. तुमची सेवा चोवीस वर्षं. वीसच्या वर सेवा असून अठ्ठावन्नला निवृत्त झालात म्हणून दोन वर्षं बोनस, एकूण सव्वीस. १५,००० × २६ ÷ ७० = ५,५७१ रुपये. आता थांबायचं का ते यावर ठरवा.

वैदेही_सांगली

ताळेबंद, हा आकडा चुकीचा आहे आणि नेमका हाच आकडा मनात धरून लोक पीएफ ऑफिसात भांडायला जातात.

१५,००० ची मर्यादा १ सप्टेंबर २०१४ पासून आहे. त्याआधी ती ६,५०० होती. त्याच वेळच्या दुरुस्तीत असंही ठरलं की २०१४ पूर्वीच्या सेवेला ६,५०० च धरायचे आणि नंतरच्या सेवेला १५,०००. (आणि शेवटच्या बारा महिन्यांऐवजी साठ महिन्यांच्या पगाराची सरासरी.) टर्नरदादांची सेवा बरोबर मधोमध तुटते:

२०१४ पूर्वीची बारा वर्षं: ६,५०० × १२ ÷ ७० = १,११४
नंतरची बारा वर्षं: १५,००० × १२ ÷ ७० = २,५७१

झाले ३,६८५. बोनसची दोन वर्षं मिळवली की चार हजारांच्या आसपास. साडेपाच हजार नाही.

मी गेली बरीच वर्षं लहान कारखान्यांची पीएफची कामं करते म्हणून हे तोंडपाठ आहे. दादा, चार हजार धरून चला. आणि उच्च पेन्शनचा (मर्यादेऐवजी पूर्ण पगारावरच्या पेन्शनचा) पर्याय दिला होतात का? सर्वोच्च न्यायालयाच्या ४ नोव्हेंबर २०२२ च्या निकालानंतर अर्ज मागवले होते.

शिरवळचा_टर्नर

नाही ताई. कंपनी पहिल्यापासून मर्यादेवरच पीएफ कापते, पूर्ण पगारावर नाही. त्यामुळे तो विषय आमच्याकडे निघालाच नाही.

चार हजार ऐकून जरा बसलोच. पण ठीक आहे, खरं कळलेलं बरं.

ताळेबंद

मग चार हजारांवर मांडतो. थांबण्याचे दोन प्रकार आहेत आणि एचआरवाल्याने दोन्हींची खिचडी केलेली दिसते.

पहिला प्रकार: नुसतं थांबायचं, ईपीएसमध्ये पैसे भरायचे नाहीत. अठ्ठावन्नला पेन्शन ठरते आणि प्रत्येक पूर्ण वर्षाला चार टक्के वाढते. साठीला ४,०००चे साधारण ४,३२० होतात. वाढ ३२० रुपये. त्यासाठी सोडलेली पेन्शन: चोवीस महिने गुणिले ४,००० = ९६,००० रुपये. ९६,००० भागिले ३२० म्हणजे ३०० महिने. पंचवीस वर्षं.

म्हणजे साठीला सुरू करून तुम्ही पंचाऐंशीचे व्हाल तेव्हा बरोबरी होईल. फायदा त्यानंतर.

आणि यात व्याज धरलेलंच नाही. ते ९६,००० बँकेत सात टक्क्यांनी ठेवले तर महिन्याला ५६० रुपये व्याज येतं. थांबून मिळणार ३२०. शिवाय मुद्दल आपलं आपल्याकडे. बरोबरीचा दिवस कधी येतच नाही.

मेहुणा_नाही_पण

पंचाऐंशी!! 😄 टर्नरभाऊ, तुमचा मेहुणा हुशार आहे. त्याला एक श्रीखंडाचा डबा द्या.

ताळेबंद

थांबा, दुसरा प्रकार राहिला. साठीपर्यंत ईपीएसमध्ये वर्गणी चालू ठेवायची. मग ती दोन वर्षं सेवेत धरली जातात आणि वर चार-चार टक्केही मिळतात. दोन वर्षांचे १५,००० × २ ÷ ७० = ४२९ वाढले. ४,४२९ वर आठ टक्के, झाले ४,७८३. वाढ पावणेआठशेच्या थोडी वर.

पण इथे किंमतही जास्त. ९६,००० ची पेन्शन गेलीच, शिवाय कंपनीच्या हिश्श्यातले महिन्याला १,२५० रुपये ईपीएसमध्ये गेले. अठ्ठावन्ननंतर ईपीएस बंद केलं असतं तर ते तुमच्याच पीएफमध्ये पडले असते. चोवीस महिन्यांचे ३०,०००. एकूण १,२६,०००. भागिले ७८३, साधारण साडेतेरा वर्षं. साडेत्र्याहत्तरला बरोबरी.

हे ऐकायला बरं वाटतं. पण १,२६,००० चं सात टक्क्यांनी व्याज महिन्याला ७३५ होतं. म्हणजे पन्नासएक रुपयांसाठी तुम्ही सव्वा लाख कायमचे देऊन टाकताय.

वैदेही_सांगली

ही मांडणी आता बरोबर आहे. एक भर घालते, कारण पुरुषमंडळी हा भाग नेहमी विसरतात.

दादांच्या पश्चात वहिनींना मिळणार निम्मी पेन्शन. म्हणजे थांबून मिळवलेल्या ३२० चे वहिनींसाठी १६० राहतात. उलट लगेच चालू करून ते ९६,००० वहिनींच्या नावावर ठेवले तर ते पूर्ण त्यांचे. पूर्वी या योजनेत पेन्शनचा काही भाग विकून एकरकमी घेता यायचा आणि मागे भांडवल परत मिळण्याचाही पर्याय होता. दोन्ही २००८ मध्ये बंद झाले. आता मागे राहते ती फक्त निम्मी पेन्शन. तेव्हा "आयुष्यभर जास्त मिळेल" असं कोणी म्हणालं की विचारावं, कोणाच्या आयुष्यभर?

डेट्रॉईटचा_दाद्या

युट्यूबवरचे "थांबा, थांबा" कुठून येतात ते सांगतो, कारण ते आमच्याकडून येतात.

अमेरिकेत सोशल सिक्युरिटी, म्हणजे तिथली सरकारी पेन्शन, बासष्टीपासून घेता येते. १९६० किंवा नंतर जन्मलेल्यांचं पूर्ण पेन्शनचं वय सदुसष्ट. बासष्टीला घेतली तर तीस टक्के कमी, सत्तरीपर्यंत थांबलं तर चोवीस टक्के जास्त. वर्षाला आठ टक्के! आणि दरवर्षी जानेवारीत महागाईप्रमाणे वाढ वेगळी, ती वाढलेल्या आकड्यावर. सदुसष्टऐवजी सत्तरीला घेतली तर बरोबरी साडेब्याऐंशीच्या सुमारास येते, पण तोवर रुपया (डॉलर) झिजत नाही. इथे घरात दीर्घायुष्य असेल तर थांबणं खरंच शहाणपणाचं. माझी बायको थांबणार आहे, मी नाही, माझ्या घराण्यातले पुरुष सत्तरी बघत नाहीत.

तुमच्याकडे वाढ निम्मी, चार टक्के. आणि महागाईभत्ता शून्य. आमचा सल्ला तुमच्या पेन्शनला लावणं म्हणजे मिशिगनच्या थंडीचा कोट चैत्रात कोल्हापुरात घालणं.

शिरवळचा_टर्नर

हे कोणी सांगितलंच नव्हतं. त्या व्हिडिओवाल्याने मराठीत बोलून अमेरिकेचे आकडे सांगितले असणार.

एक_जून

मी जिल्हा परिषदेचा शिक्षक, निवृत्त. आमच्या वेळी पेन्शन कधी घ्यायची हा प्रश्नच नव्हता. अठ्ठावन्न झाले, निवृत्त व्हा, दुसऱ्या महिन्यापासून शेवटच्या मूळ वेतनाच्या निम्मे अधिक महागाईभत्ता. विचार करायचा तो फक्त अंशराशीकरणाचा, चाळीस टक्के विकायचे की नाही आणि पंधरा वर्षांनी ते परत मिळणार तोवर आपण असणार का.

पण १ जूनवाल्यांचं दुःख आम्हालाही आहे. १ तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. म्हणजे ३१ मे. आणि वेतनवाढ १ जुलैला. वर्षातले अकरा महिने राबून वाढ हुकते. ३० जूनला निवृत्त होणाऱ्यांसाठी सर्वोच्च न्यायालयाने ११ एप्रिल २०२३ ला निकाल दिला, त्यांना १ जुलैची वाढ धरायची. आम्ही ३१ मेवाले तसेच. एकाच गुरुजींनी अख्ख्या वर्गाला १ जून लावली, त्यातले कित्येकजण पुढे शिक्षक झाले आणि ३१ मेला एकाच दिवशी सत्कार! हार कमी पडतात.

लालपरी_५८

गुरुजी, निम्मा पगार आणि वर महागाईभत्ता. आणि दुःख वेतनवाढीचं. 🙏

एक_जून

टोमणा मान्य. पण १ नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्या आमच्या पोरांना विचारा, त्यांना हे मिळत नव्हतं म्हणून तर संप झाले.

मेहुणा_नाही_पण

सरकारी-खाजगी वाद नको, त्याचे या संस्थळावर पन्नास धागे आहेत. मूळ मुद्द्यावर या. मर्यादा १५,००० वरून वाढणार अशी चर्चा दरवर्षी असते. समजा टर्नरभाऊंनी आता पेन्शन घेतली आणि पुढच्या वर्षी मर्यादा वाढली तर? आणि किमान पेन्शन ७,५०० करणार म्हणतात, त्याचं काय? थांबलेल्याला जास्त मिळणार नाही का?

वैदेही_सांगली

चांगला प्रश्न. दोन्ही वेगळे करा.

मर्यादा: २०१४ ला जे केलं तेच पुन्हा केलं तर नवी मर्यादा फक्त त्या तारखेनंतरच्या सेवेला लागेल. मागच्या चोवीस वर्षांचं गणित बदलत नाही. अठ्ठावन्नला वर्गणी बंद झाल्यावर पुढची सेवाच नाही, मग वाढणार काय?

किमान पेन्शन: २०१४ ला हजार रुपये किमान केली तेव्हा आधीपासून पेन्शन घेणाऱ्यांनाही ती मिळाली. किमान वाढली तर चालू असलेल्यांची वाढते. त्यासाठी थांबण्यात काहीच हशील नाही.

लालपरी_५८

७,५०० आणि महागाईभत्ता ही बुलढाण्याच्या साखळी उपोषणातली मागणी. २०१८ पासून तिथे आमची म्हातारी माणसं पाळीपाळीने बसतायत. मिळेल तेव्हा खरं. मी तरी मुलाला सांगितलंय, माझ्या पेन्शनवर काही ठरवू नकोस.

बंद_सूतगिरणी

मधेच विचारतो, माफ करा. माझं वय ५३. इचलकरंजीजवळच्या सूतगिरणीत होतो, ती गेल्या वर्षी बंद पडली. सेवा सतरा वर्षं. पन्नाशीनंतर पेन्शन घेता येते असं कळलं. घरात बसून आहे, घेऊन टाकू का? एका एजंटने "सगळं करून देतो" म्हणून पैसे मागितलेत.

ताळेबंद

घेता येते, पण अठ्ठावन्नला जितकी वर्षं कमी, दर वर्षाला चार टक्के कपात. त्रेपन्नला घेतली तर पाच वर्षांची, म्हणजे ढोबळ वीस टक्के. नुसतं गणित केलं तर लवकर घेण्यात मोठा तोटा नाही, अठ्ठ्याहत्तरी ओलांडेपर्यंत तुम्ही पुढेच असता. पाच वर्षं आधी पैसे येतात ना. व्याज धरलं तर आणखी पुढे.

वैदेही_सांगली

ताळेबंद, यांच्या बाबतीत नुसतं गणित करू नका हो.

सूतगिरणीवाले दादा, आधी सांगा: दुसरी नोकरी मिळण्याची काही शक्यता आहे? पीएफ कापणारी, कसलीही.

बंद_सूतगिरणी

एमआयडीसीत वॉचमनची मिळतेय. ठेकेदाराकडून. बारा तास, पगार थोडा, पण पीएफ कापतात म्हणाले. इतकी वर्षं रिंग फ्रेमवर काम केलेल्या माणसाने गेटवर बसायचं म्हणून मन होत नाही. म्हणून पेन्शनचा विचार.

वैदेही_सांगली

मन होत नाही ते समजते. पण नीट वाचा.

पन्नास ते अठ्ठावन्नमधली कमी केलेली पेन्शन एकदा घेतलीत की पुढे कुठे नोकरी लागली तरी तुमचं ईपीएस पुन्हा सुरू होत नाही. मालकाचा सगळा हिस्सा पीएफमध्ये जातो. सेवा सतरालाच थांबते आणि कपात कायमची राहते. वहिनींनाही पुढे त्या कमी केलेल्या पेन्शनच्या निम्मीच.

आता दुसरी बाजू. तुमची सतरा आहेत. वॉचमन म्हणून तीन वर्षं केलीत की वीस होतात. अठ्ठावन्नला निवृत्त होताना वीस भरलेली असली की दोन वर्षं बोनस. म्हणजे तीन वर्षांच्या नोकरीत पाच वर्षांची सेवा पदरात. पाचही वर्षं केलीत तर बावीस अधिक दोन. आणि कपात नाही. पगार २१,००० च्या आत असेल तर ईएसआय (कामगार विमा) लागू होईल, म्हणजे घरच्यांचा दवाखाना. आणि ईएसआयमध्ये पाच वर्षं भरून निवृत्त झालात की वर्षाला १२० रुपये भरून नवरा-बायकोला विमा दवाखाना पुढेही चालू ठेवता येतो. एकशेवीस. महिन्याला नाही, वर्षाला.

त्रेपन्न ते अठ्ठावन्न बरोबर पाच होतात, म्हणून नोकरी धरायचीच असेल तर उशीर करू नका.

जुन्या गिरणीचा पीएफ नंबर नव्या ठेकेदाराला त्याच युएएनवर (पीएफचा कायमचा एकच नंबर) जोडायला सांगा, नवा युएएन काढू देऊ नका. ठेकेदार लोक हमखास काढतात. आणि पहिल्या दोन महिन्यांत पासबुक उघडून बघा, खरंच पैसे पडतायत का. "कापतात" आणि "भरतात" यात फरक असतो.

एजंटला एक पैसा देऊ नका. दर महिन्याच्या २७ तारखेला पीएफवाले जिल्ह्याजिल्ह्यात "निधी आपके निकट" नावाचं शिबिर भरवतात. तिथे फुकट विचारता येतं.

बंद_सूतगिरणी

ताई, बोनसचं माहीत नव्हतं. गिरणीत कोणालाच माहीत नाही. आमचे सात-आठजण एजंटकडे गेलेत. त्यांना हा धागा दाखवतो.

सुनबाई_कराड

मी एक वेगळंच सांगते. माझ्या सासऱ्यांनी साठीपर्यंत थांबायचं ठरवलं होतं. सहकारी साखर कारखान्यात होते. अठ्ठावन्नला कारखान्याने हंगामापुरतं बोलवायला सुरुवात केली, हंगाम संपला की चार-पाच महिने घरी. त्या महिन्यांत त्यांच्या हातात स्वतःचे पैसे नसायचे आणि ते मागायचे नाहीत. चहा प्यायला बाहेर जाणं बंद केलं. आम्हाला वाटायचं, वय झालं म्हणून घरी बसतात. पेन्शन चालू झाल्यावर तीन हजार काही रुपये यायला लागले, तसे पहिल्याच महिन्यात नातवाला चपला घेऊन आले आणि पारावर जायला लागले.

हिशोब तुमचे बरोबर असतीलच. पण थांबण्याच्या त्या दोन वर्षांत माणूस कशावर राहतो, तेही धरा.

ताळेबंद

+१. हे कोणत्याही सूत्रात येत नाही.

शिरवळचा_टर्नर

सुनबाई, हे बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मी काय वेगळं सांगत होते?"

ठरलं. ३१ मेनंतर लगेच १०-डी. नोकरी कंत्राटावर चालू, पेन्शनही चालू, दोन्ही एकत्र चालतं ना ताई? एचआरचा मुलगा म्हणतो नोकरी सोडल्याशिवाय पेन्शन मिळत नाही.

वैदेही_सांगली

अठ्ठावन्न पूर्ण झाल्यावर चालतं. नोकरी सोडायची अट अठ्ठावन्नच्या आत घेणाऱ्याला. तुमचं पीएफ चालूच राहील, फक्त ईपीएसचं सभासदत्व अठ्ठावन्नला संपतं. कंपनीने तशी ईपीएसची तारीख नोंदवायची आणि जूनपासून तुमचे १,२५० पेन्शन खात्यात न टाकता पीएफमध्येच टाकायचे.

हेच चुकतं बहुतेक ठिकाणी. पगाराचं सॉफ्टवेअर जुन्या सवयीने ते १,२५० पेन्शनमध्येच ढकलत राहतं, सहा महिन्यांनी दावा अडकतो, मग कंपनीने सुधारित विवरण भरेपर्यंत पेन्शन लटकते. त्या एचआरच्या मुलाला मे महिन्यातच लेखी द्या. तोंडी नको. आणि जूनचं पासबुक जुलैत बघा.

१०-डीसाठी तुमचा आणि वहिनींचा जोडीचा फोटो, बँकेचा रद्द केलेला चेक, दोघांचे आधार, वयाचा दाखला. धाकटी पंचवीसच्या आत असेल तर तिचंही नाव लिहा, मुलांची पेन्शन पंचविशीपर्यंत असते. बँक कुठलीही चालते. १ जानेवारी २०२५ पासून पेन्शन एकाच केंद्रातून वाटली जाते, त्यामुळे उद्या गावी राहायला गेलात तरी कागद एका ऑफिसातून दुसऱ्यात हलवावे लागत नाहीत.

लालपरी_५८

आणि हयातीचा दाखला! तो विसरलात की पेन्शन बंद. आपल्याला सरकारी लोकांसारखी नोव्हेंबरची सक्ती नाही, वर्षात कधीही द्या, दिल्यापासून वर्षभर चालतो. मी वाढदिवसाच्या आठवड्यात देतो, खऱ्या वाढदिवसाच्या, १ जूनच्या नाही.

शिरवळचा_टर्नर

दाखल्यावरून आठवलं. माझे अंगठे मशिनवर उमटतच नाहीत. तीस-पस्तीस वर्षं कूलंट आणि लोखंडाच्या चुऱ्यात हात आहेत, बोटांची टोकं काचेसारखी गुळगुळीत झालीत. रेशनच्या दुकानातही दर महिन्याला हीच बोंब, दुकानदार दहाही बोटं लावून बघतो.

एक_जून

चेहरा दाखवून होतो आता. मोबाइलवर जीवन प्रमाणचं अॅप घ्या, समोर धरा, डोळे मिचकावा, झालं. मी पुण्यातल्या नातीकडून करून घेतो. उजेड समोरून हवा, पाठीमागून नको, नाहीतर मशीन आपल्याला जिवंत मानत नाही.

मेहुणा_नाही_पण

😂😂 शेवटचं वाक्य फ्रेम करून ठेवतो.

शिरवळचा_टर्नर

एक शेवटची अडचण. आज सगळी कागदं काढून बसलो. शाळेच्या दाखल्यावर १ जून, कंपनीत १ जून, पीएफमध्ये १ जून. आधारवर १ जानेवारी, वर्ष तेच. कॅम्पमध्ये काढलेलं, कोणी विचारलंही नव्हतं. आता?

वैदेही_सांगली

आधार काढताना तारखेचा पुरावा दिला नाही की ते १ जानेवारी टाकून मोकळे होतात. तुमच्यासारखे खूप आहेत.

जानेवारी २०२४ पासून पीएफवाले जन्मतारखेचा पुरावा म्हणून आधार धरत नाहीत, शाळा सोडल्याचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र धरतात. म्हणजे पीएफमधली १ जून बरोबर आहे, तिला हात लावू नका. दाखला घेऊन आधार केंद्रात जा आणि आधारवरची तारीख दुरुस्त करून घ्या. जन्मतारीख तिथे साधारणपणे एकदाच बदलता येते, तेव्हा दाखल्यावर जे आहे अक्षरशः तेच करा. नावातलं स्पेलिंगही त्याच फेरीत जुळवून घ्या. हे मे उजाडायच्या आत करा, १०-डी भरताना दोन्ही तारखा जुळल्या नाहीत तर ऑनलाइन अर्ज पुढे सरकत नाही.

शिरवळचा_टर्नर

सोमवारी अर्धी रजा टाकून जातो. दाखला लॅमिनेट केलेला आहे, चालेल ना?

वैदेही_सांगली

चालेल. पण शाळेचा शिक्का दिसतोय का ते बघा, जुन्या दाखल्यांवरचा जांभळा शिक्का लॅमिनेशनखाली उडालेला असतो. नसेल दिसत तर आधी शाळेतून दुसरी प्रत घ्या.

कुडाळकर_अण्णा

धागा आताच वाचला. माझी शाळेत १ जून, आधारवर १ जानेवारी, आणि पीएफमध्ये कोणीतरी ६ जानेवारी टाकलंय, १ आणि ६ ची अदलाबदल झाली असावी. छपन्न वर्षं पूर्ण. कुठून सुरुवात करू?

वैदेही_सांगली

अण्णा, तुमच्यात दोन दुरुस्त्या आहेत आणि पीएफमधल्या दुरुस्तीला कंपनीची सही लागते. कंपनी अजून चालू आहे का, आणि युएएन एकच आहे की दोन, एवढं सांगा.